रस्सीचा शेवटचा गडी

मी अन् माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे तुरीच्या ओल्या शेंगा सोलणं. वाडीतल्या आमच्या खोलीपुढं, संध्याकाळी, मधात एक सूप. हात शेंगांवर अन् तोंड रस्सीखेचीवर.

गोदामातल्या हमालांची रस्सीखेचीची टीम मी चालवतो. पाठीनं पोती उचलणं सुटलं तेव्हापासून हेच करतो. आठ गडी लागतात, अन् आठांचं मिळून वजन सहाशे चाळीस किलोच्या वर गेलं तर मैदानात पाय ठेवू देत नाहीत. सावनेरची स्पर्धा तोंडावर आली होती. रस्सी अंगाभोवती घेऊन शेवटी उभा राहणारा माझा जुना गडी पंचावन्नाच्या पुढचा, शहाण्णव किलोचा. त्याले ठेवलं तर एक तगडा पोट्टा बाहेर बसवा लागे.

"म्हाताऱ्याले काढतो आता," मी म्हटलं. "पोट्टे जिममधी जाऊन बैल झाले."

"काढा," ती म्हणाली. "अन् हरा."

"तुले काय समजते वं यातलं?"

"बारा वर्षं तुमचा डबा घेऊन मैदानावर येऊन राहिली मी. डोळे काय घरी ठेवून येते?" किडकी शेंग तिनं माझ्या मांडीवर फेकली. "पोट्ट्यांले दम लागला का आभाळाकडं पाहतेत. म्हातारा जमिनीकडंच पाहते. ओढाले पोट्टे घ्या, धराले म्हातारा. दोन्ही लागतेत."

मी हो म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पाणी प्यायले उठली अन् तिथंच बसली. दवाखान्यापर्यंतही पोचलो नाही. हो म्हणायचं राहूनच गेलं.

तिच्या नावाचं पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले. घरात बसून भिंती पाहणं माझ्याच्यानं होईना, म्हणून मैदानावर गेलो. एकानं रस्सी हातात दिली, बस.

सावनेरले नावं द्यायची वेळ आली, तेव्हा मी नव्वद किलोच्या पोट्ट्याचं नाव खोडलं. टीममधला सगळ्यात जोरदार तोच. म्हाताऱ्याचं वजन बसावं म्हणून त्याच्या जागी चौऱ्याहत्तरचा सुकडा घेतला.

"काका, मले काढता? काहून? म्हाताऱ्याशी दोस्ती आहे म्हणून?"

"तुह्या काकूनं सांगून ठेवलं."

तो तोंड फिरवून बसला. हरलो असतो तर त्याचं बरोबर अन् तिचं खोटं ठरलं असतं. ते मले सहन झालं नसतं.

फायनल खदानवाल्यांशी. सगळे जवान, एकेक दरवाज्याएवढा. पहिली ओढ त्यांनी मारली, आमचे पाय घासत नेले. गर्दीतून कोणी ओरडलं, "आजोबाले घरी घेऊन जा गा!" दुसरी आम्ही कशीबशी काढली. तिसरीत म्हाताऱ्यानं टाचा मातीत रोवल्या, मागं रेलला अन् खांबासारखा गाडला गेला.

"ओढू नका रे!" मी ओरडलो. "नुसतं धरा!"

पोट्टे कुरकुरले, पण थांबले. मिनिट गेलं, दुसरं गेलं. रस्सी तसूभर हलेना. मग खदानवाल्यांतला एक जण तोंड उघडून वर पाहू लागला. त्याच्यामागचाही. ती बोलली तेच डोळ्यापुढं होऊन राहिलं होतं.

"आता, पोट्टेहो! आता!"

सातही जण असे तुटून पडले का खदानवाले एकामागून एक गुडघ्यावर आले. जिंकलो! म्हाताऱ्याले खांद्यावर घ्यायले गेले तर तो उचलेना. अन् म्हणे सगळे हमाल! एवढा तर मी जन्मात हसलो नव्हतो. हसता हसताच रडलो. कोणी पाहिलं असंन तर पाहो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी त्या काढलेल्या पोट्ट्याच्या खोलीवर गेलो. ट्रकांच्या रांगेमागची भाड्याची खोली. डोळे चोळत त्यानं दार उघडलं. तोंड फुगलेलंच.

"चाल. म्हातारा अजून वर्ष-दोन वर्षं उभा राहीन. त्याच्यानंतर शेवटी तू. पण पहिले धरणं शिक."

मैदानावर म्हातारा वाटच पाहत होता. आम्ही पोट्ट्याच्या अंगाभोवती रस्सी दिली.

"ओढायची नाही?" त्यानं विचारलं.

"नाही."

मग आम्ही दोघं म्हातारे दुसऱ्या टोकाले गेलो अन् त्याले ओढू लागलो.