ताईच्या हनुवटीवरची चामखीळ

रंगोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. बाहीपासून चपलेपर्यंत कुठं ना कुठं रंग सांडलेला असायचा, म्हणून गल्लीनं ठेवलेलं. चाळीस वर्षं त्यानं दुकानांच्या पाट्या रंगवल्या आणि उरल्या वेळात माणसं. माणसं काढायची त्याची रीतच वेगळी. समोरच्याला घरातली एखादी कुंडी घेऊन यायला सांगायचा आणि ती मांडीवर देऊन बसवायचा. आधी झाड काढायचा, मग माणूस. म्हणायचा, "झाड हातात असलं की माणूस तोंड सांभाळायचं विसरतो. मग मला खरं तोंड सापडतं."

त्या खऱ्या तोंडानंच घात केला. सहा वर्षांपूर्वी त्यानं थोरल्या बहिणीचं चित्र काढलं. हनुवटीवरची चामखीळ, खाली ओढलेले ओठ, सगळं जसंच्या तसं. ताई म्हणाली, "वैऱ्यानंही मला इतकं निरखून पाहिलं नसतं रे." उठली ती गेली. घर दोन गल्ल्या पलीकडे, पण पुन्हा पाऊल टाकलं नाही.

बायको म्हणायची, "अहो, एक चामखीळ झाकली असती तर कुंचला झिजला असता का?" हा कुंचला धुवायला उठायचा.

आता ताई शनिवारी मुलाकडे राहायला निघाली होती, लांब, कायमची. जायच्या आत तिला एकदा समोर बसवावं, एवढंच रंगोबाच्या मनात होतं. दोनदा निरोप धाडला. उत्तर नाही.

गुरुवारी सकाळी ती आपणच दारात उभी. लेकरू घ्यावं तशी कडेवर रबराच्या झाडाची कुंडी.

"चित्राला बसायला आले नाहीये, धाकट्या. हे तिकडे नेता येत नाही. पाणी आठवड्यातून दोनदाच घाल, तुझा हात सैल आहे."

"बरं."

"आणि पानं पुसावी लागतात. कशी, ते बघून ठेव."

खुर्ची ओढून बसली, कुंडी मांडीवर घेतली आणि ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायला लागली. असल्या हलक्या हातानं, जसं काही पान झोपलंय. रंगोबानं हळूच कागद ओढला. झाड काढलं. मग गाठी आलेली बोटं काढली, फडकं काढलं. मनगटाच्या वर गेलाच नाही.

शेवटचं पान पुसून झालं तेव्हा ताईनं मान लांब करून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"बोटं जाड काढलीस."

"आहेतच जाड."

"हं. आईची अशीच होती." मग म्हणाली, "आणि तोंड कुठंय?"

"तोंडाला हात लावायची हिंमत नाही ताई. मागच्या खेपेला सहा वर्षं महागात पडलं."

ताईला हसू आवरेना. आतून रंगोबाच्या बायकोनं विचारलं, "चहा ठेवू ना?"

"ठेव," ताई म्हणाली आणि खाली ठेवलेली कुंडी पुन्हा मांडीवर घेतली. "काढ आता. पण चामखीळ गाळू नकोस हं. नाहीतर तिकडे नातवंडं विचारतील, ही बाई कोण म्हणून."