दारातली बाई

पुण्यातल्या लोकांना वाटतं, ती राजस्थानातून आणलेली कलाकार होती. आमच्या तांड्यात सगळ्यांना वाटतं, ती स्वतःच्या हौसेनं तिथं बसली. दोन्ही खोटं आहे, आणि दोन्ही मला सोयीचं पडलं. खरं काय ते मी आजवर कोणालाच सांगितलं नाही.

महागाव तालुक्यातल्या तांड्यावरून निघालो तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. फाट्यावर एस.टी.ची वाट पाहत आम्ही तिघं उभे होतो. आम्ही गोर, म्हणजे बंजारा; घरात गोरबोलीच बोलतो. इथं सगळ्यांना कळावं म्हणून ते बोलणं वऱ्हाडीत लिहितो. बापू, माझा बाप, एकच वाक्य घोकत होता, "हॉटेलात राहून उपाशी राहू नोको." गाडी हलली तरी खिडकीसोबत चालत तेच. याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, काचा-कवड्या लावून हातानं भरतकाम केलेली पिशवी, कोथळी, माझ्या मांडीवर टाकली. गाण्या-बोलण्यात तिचा हात धरणारं तांड्यात कोणी नव्हतं. लग्न झालेली पोरगी घर सोडताना रडत रडत जे गाणं म्हणते, तो ढावलो तांड्यातल्या सगळ्या पोरींना तिनंच शिकवलेला. पोरांसाठी कोणी ढावलो म्हणत नाही. मी आपला कोरडाच निघालो.

पुण्यात पहिली नोकरी तुरुंगात लागली. म्हणजे तुरुंगासारख्या सजवलेल्या हॉटेलात. आम्ही वेटर कैद्यांच्या पट्टेरी कपड्यांत, मॅनेजर जेलर. गिऱ्हाइकं बेड्या घालून फोटो काढायची आणि गजाआड बसून पनीर टिक्का खायची. माझ्या आज्याला एकदा नुसत्या संशयावरून खरोखरच्या कोठडीत आठ दिवस बसवलं होतं. गोर माणूस दिसला, एवढंच कारण. त्या हॉटेलात मला राग यायला हवा होता. मला कल्पना सुचली.

मग सुट्टीच्या दिवशी तोच धंदा. कुठं रेल्वेचा डबा, कुठं गुहा, कुठं जहाज. एक सूप मागवायचं आणि दोन तास छताकडं पाहत बसायचं. दगडाची भिंत फायबरची कशी करतात, कंदिलात बल्ब कसा लपवतात, माणूस आत शिरल्यावर आधी कुठं पाहतो, सगळं वहीत उतरवायचं. लोकांना जेवण नको असतं, दुसऱ्याचं जगणं तासभर अंगावर घालून पाहायचं असतं, हे मला तिथं कळलं. पुढं मी अशीच हॉटेलं उभी करणारा झालो. आज माझ्या व्हिजिटिंग कार्डावर 'थीम डिझायनर' लिहिलेलं आहे. त्याचा अर्थ मी तांड्यात कोणाला सांगितला नाही. पोरगा हॉटेल लाइनला आहे, एवढंच तिथं माहीत.

नाव झालं ते 'तांडा' नावाच्या हॉटेलानं. बैलगाडीची टेबलं, शेणानं सारवल्यासारखी दिसणारी फरशी, आणि याडीच्या कोथळीवरची नक्षी मेन्यूकार्डावर. उद्‌घाटनाच्या आठवडाभर आधी मालक म्हणाला, "दरवाजे पे कोई ओरिजिनल बाई बिठाओ यार." मी याडीला फोन केला. पोराचं काम पाहायला मिळणार म्हणून ती खुशीत आली, येताना ज्वारीच्या भाकरी बांधून.

किचनमागच्या स्टोअरमध्ये मी तिच्यापुढं नवा झगमगीत घागरा ठेवला. त्यावर चुडो आणि घुगरी. चुडो म्हणजे कोपराच्या वरच्या बांगड्या, घुगरी हा घुंगरांचा दागिना, केसांत गुंफून गालावर सोडायचा. दोन्ही नवरा असलेल्या बाईनंच घालायचं. बापू गेला त्या दिवशी बायकांनी तिच्या केसांतली घुगरी सोडली, तेव्हा मी तिथंच उभा होतो.

तिनं घुगरीला हात लावला नाही. म्हणाली, "हे कायले? तुह्या बापाले जाऊन दोनच वर्षं झाले."

"खोटं आहे हे, याडी. नाटकासारखं. अन् इथं आपलं कोण आहे पाह्याले?"

"तू हायेस ना."

मी घड्याळाकडं पाहिलं. बस्स, तेवढंच केलं. तिला ते पुरलं. ती स्टुलावर बसली आणि तिनं डोक्यावरचा पदर मागं केला. मेकअपवाल्या पोरीला घुगरी बांधता येईना, म्हणून मी बांधायला घेतली. पांढऱ्या केसांत दोरा ठरत नव्हता. "तशी नाही," ती समोरच्या तेलाच्या डब्यांकडं पाहत म्हणाली, "आधी वेणी घाल, मंग गुंफ." तीच सांगत होती, मी बांधत होतो.

तीन दिवस ती दारात बसली. लोकांनी तिच्या गळ्यात हात टाकून सेल्फी काढले. एका बाईनं मला विचारलं, "कुठून आणल्या या?" याडी हातभर अंतरावर होती आणि तिला मराठी माझ्याइतकीच कळते. मी म्हणालो, "राजस्थानहून. आर्टिस्ट आहेत." बाईनं तिच्याकडं पाहिलं. याडी म्हणाली, "हो बाई, लई दुरून आली."

त्या दिवशी दुपारी ती भांडी घासणाऱ्या बायकांसोबत मागं बसून आपलीच शिळी भाकरी खात होती. मी विचारलं, जेवलीस का? म्हणाली, "हॉटेलात राहून उपाशी राहू नोको म्हने तुहा बाप."

चौथ्या दिवशी ती तांड्यावर परत गेली. घुगरी घातलेला तिचा फोटो मोबाइलवरून तिच्या आधी पोचला होता. हापशीवर बायका म्हणाल्या, "काहो काकी, पुन्याले दुसरं लगन लावलं का? नवरा दाखवा तरी!" तिनं सांगितलं, "मले हौस आली होती." माझं नाव तिनं घेतलं नाही. बहिणीनं फोनवर विचारलं, "दादा, तू काहून सांगत नाही? तिच्यापाशी कोनी पोरगी धाडत नाही आता ढावलो शिकाले." मी म्हणालो, मीटिंगमध्ये आहे.

आणि खरंच होतो. मालकाला तिच्या जागी पुतळा हवा होता. त्याच फोटोवरून मी तो फायबरमध्ये करून घेतला. तो सहा वर्षं दारात होता. आता तिथं जपानी थीम आहे, आणि पुतळा प्लास्टिकमध्ये गुंडाळून माझ्या गोडाऊनमध्ये. एकदा पकड घेऊन त्याची घुगरी काढायला गेलो. निघत नाही. साच्यातच ओतलेली आहे.

गाव सोडून आलेली माझ्यासारखी माणसं भेटली की घराबद्दल बोलतात: झाडं, सण, आईच्या हातचं. हुबेहूब घर उभं करून देणं हा माझा धंदा आहे, पण माझं घर म्हणजे आता फाट्यापासून तांड्यापर्यंतचा तो एक किलोमीटर, जो मी दरवेळी गाडीच्या काचा वर करून पार करतो. याडी ओट्यावर बसलेली असते. शेजारून लग्नाच्या पोरी जातात, तिच्याकडं वळत नाहीत. ती मला विचारते, जेवलास का.

हे मी मराठीत लिहिलं, छापायला दिलं. तांड्यात ते कोणी वाचणार नाही, हे मला माहीत आहे. ती घुगरी मी बांधली. हे मला तांड्याच्या प्रमुखाच्या, नायकाच्या, दारापुढं उभं राहून, सगळ्या बायांसमोर, गोरबोलीत सांगायचं आहे, याडी ऐकायला आहे तोवर. एवढं माझ्याकडं बाकी आहे.