न लागलेल्या सोडतीचे पाच पंच

जुगाराविरुद्धची तीन पत्रकं मी स्वतः लिहिली आहेत आणि त्यातलं एक अक्षरही आज मागे घेत नाही. सोडत म्हणजे गरिबाच्या खिशाला पाडलेलं भोक, हे वाक्य माझंच. तरीही खांडबाऱ्याला होतो त्या वर्षी एका मारवाडी दुकानदाराच्या ओट्यावर बसून मी रोज संध्याकाळी सोडतीचे पैसे खर्च करत होतो. का करत होतो ते सांगायचं तर आधी खोलीचं सांगावं लागेल.

आमच्या मंडळाने मला दारूबंदीचं आणि जुगारबंदीचं केंद्र उघडायला तिथे पाठवलं. केंद्र म्हणजे त्याच दुकानामागची एक खोली. तिच्यात एक चरखा, एक चटई, पत्रकांचे गठ्ठे आणि मी. बाजाराच्या दिवशी डोंगरातली माणसं चारोळी, डिंक, मोहाची फुलं घेऊन उतरत. मी रस्त्याच्या मध्ये उभा राहून शुद्ध मराठीत भाषण करी. त्यांची भाषा वेगळी. मला ती येत नव्हती, आणि त्यांना वाचता येत नव्हतं. पत्रक मात्र ते आदराने घेत आणि त्यात तंबाखू बांधून नेत. मी मंडळाला लिहिलं, माणूस पाठवा, त्यांची बोली येणारा पाठवा. मंडळाने आणखी पत्रकं पाठवली.

कळसाडीला, माझ्या गावी, परत जायची सोय नव्हती. घरातलं विलायती कापड बाहेर काढून मी चौकात जाळलं तेव्हापासून वडील माझ्याशी बोलत नव्हते. कापूस पिकवणाऱ्याच्या घरात मँचेस्टरचं कापड असावं याची लाज त्यांना वाटायला हवी होती. ती त्यांना वाटली नाही, एवढंच.

तेव्हा संध्याकाळी बोलायला होता तो हा शेठ. माझ्याहून दुप्पट वयाचा, बायको-मुली मारवाडात, तो तीन-चार वर्षांनी एकदा जायचा. हा माणूस डोंगरातल्या माणसांकडून मिठाच्या भारोभार चारोळी घेई. एका पारड्यात मीठ, दुसऱ्यात चारोळी. मी ते रोज डोळ्यांनी पाहत होतो आणि त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणत होतो. तो म्हणे, "बरं," आणि त्याच हाताने मला सुपारी कातरून देई. मी ती खात होतो.

सुरतेच्या गाडीने येणारा एक दलाल त्याला गोव्याकडच्या सोडतीचं तिकीट देऊन जाई. एकदा दिवे लागताना शेठने ते तिकीट माझ्यासमोर ओट्यावर ठेवलं.

"पुढारीभाऊ, समज, लागनी. तू काय करशी?"

"जुगाराच्या पैशाला मी हात लावणार नाही."

"हात लाऊ नको. मी चिमटामा धरीसन दिसू."

मी हसलो. त्या गावात आल्यापासून बहुधा पहिल्यांदाच. आणि खेळ सुरू झाला.

त्याचा खर्च पाहण्यासारखा होता. पहिल्या दिवशी त्याने दुमजली घर बांधलं. दुसऱ्या दिवशी वरचा मजला काढून टाकला, जिना चढायला बायकोचे गुडघे दुखतील म्हणून. मग विटांचा भाव जास्त वाटला, तर भट्टीवाल्याशी मनातल्या मनात घासाघीस करून तो उतरवून घेतला. आठवड्याभरात त्याच्याकडे सुरुवातीपेक्षा जास्त पैसे शिल्लक राहिले होते. "खर्च व्हत नही," तो काळजीने म्हणाला.

मी मात्र सढळ हाताने उडवत होतो. नदीपलीकडच्या माळावर डोंगरातल्या मुलांसाठी वसतिगृह, विहीर, आणि छापखाना. तिथे त्यांच्या बोलीतली पत्रकं निघणार होती. रात्री स्वयंपाकघरात चाळीस ताटं वाजायची, तो आवाज मला त्या गप्प खोलीत नीट ऐकू येई.

शेठने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पैसावर नजर कोन ठेवी?"

"मी."

"एकला मानूस पैसा धरस तं तो धनी व्हस. पाच जन धरतस तं संस्था व्हस. पाच पंच सांग."

"पहिला मी."

"दुसरा?"

मी विचार करू लागलो. वडील, नाही. चळवळीतला माझा जोडीदार तुरुंगात. दुसरा मित्र सरकारी कचेरीत कारकून झाला होता आणि मी त्याला लेखी गुलाम म्हटलं होतं, तेही बरोबरच होतं. मंडळाचे चिटणीस पंच झाले असते, पण फोटो काढून घेऊन परत गेले असते.

"माले घे ना," शेठ म्हणाला.

"मिठाच्या भारोभार चारोळी घेणाऱ्याला?"

तो सुपारी कातरत राहिला. मग म्हणाला, "निकाल येस तवलोंग शोध."

'जनता' हा शब्द माझ्या प्रत्येक पत्रकात आहे. त्या जनतेतलं एक नाव मला घेता येत नव्हतं. खोलीत पडल्या पडल्या मी रोज संध्याकाळी बांधलेलं वसतिगृह रिकामं होताना पाहत होतो. सोडत लागेल की नाही याची मला फिकीर नव्हती. मला दुसरा पंच हवा होता.

पुढच्या बाजारी एक म्हातारा डिंक विकायला ओट्यावर आला. भाषणाच्या वेळी एकदा तो शेवटपर्यंत उभा राहिला होता, म्हणून तोंडओळख. मी शेठला म्हटलं, याला विचारा. शेठने त्याच्या बोलीत सांगितलं: समज पैसा आला, तर याच्याबरोबर पंच म्हणून बसशील का? म्हातारा गंभीरपणे विचार करून हो म्हणाला. आणखी माणसं थांबली. बायका डोक्यावरच्या टोपल्या खाली ठेवून ऐकू लागल्या. माझ्या एकाही सभेला एवढी माणसं जमली नव्हती.

मग म्हाताऱ्याने काहीतरी विचारलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

शेठने माझ्याकडे न बघता सांगितलं, "तो इचारस, पंच बठतीन तवय दारू कोन दी?"

त्यांच्यात पंच बसले की दारू येतेच, बोलावणाऱ्याने ती द्यायची. हे मला माहीत होतं. पत्रक क्रमांक दोन त्यावरच होतं. मी उठून उभा राहिलो आणि ते पत्रक पहिल्या ओळीपासून म्हणायला लागलो: घर बुडतं, शेत बुडतं, गुत्तेवाला कलाल गब्बर होतो. सगळं खरं होतं, आजही खरं आहे. पण मी दुसऱ्या परिच्छेदाला पोहोचेपर्यंत टोपल्या पुन्हा डोक्यांवर गेल्या होत्या. म्हातारा तेवढा थांबला. माझं संपल्यावर तो शेठशी दोन शब्द बोलला आणि निघाला.

"काय म्हणाला?"

"तो म्हनस, मंग तू एकलाच बठ."

निकाल आला. आमचा आकडा कुठेच नव्हता. शेठने तिकिटाची सुरळी करून कान कोरला आणि म्हणाला, "चला, तुन्हा पंचेसना खर्च वाचना." उन्हाळ्यात तो मारवाडात गेला, मुलीच्या लग्नाला. दुकानाला कुलूप लागलं. आता त्याला चोर म्हणायलाही कुणी नव्हतं.

त्यानंतरच्या एका बाजारी मी बंद दुकानाच्या ओट्यावर बसलो होतो. म्हातारा आला. कुलूप पाहून त्याने डिंकाची पुरचुंडी दुसरीकडे विकली आणि परत येऊन माझ्यापासून हातभर अंतरावर बसला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि अंगठ्यावर तर्जनी घासली. पैसे आले का?

मी दोन्ही तळवे उताणे करून दाखवले. त्याने मान हलवली. सांगायचं पुष्कळ होतं, सांगणारा मारवाडात होता. मी मराठीत म्हणालो, "दारू नाही देता येणार. पण बसा." त्याला किती कळलं कोण जाणे. तो बसून राहिला. बाजार उठेपर्यंत आम्ही दोघं समोरच्या रस्त्याकडे पाहत होतो, आणि सुरतेची गाडी शिट्टी देऊन गेली तेव्हा तो गुडघ्यावर हात टेकून उठला आणि डोंगराच्या वाटेला लागला.

पहिला मी. दुसरा तो झाला की नाही, हे मला विचारता आलं नाही.