पुस्तकात खोटं काय आहे?

“यात राजद्रोह आहे की नाही, एवढंच सांगा,” म्हणत दिवाणसाहेबांनी ते जाड इंग्रजी पुस्तक माझ्यापुढे सरकवलं.

धार आणि देवास यांच्या मधल्या एका लहान संस्थानात मी तेव्हा ट्रान्सलेटर होतो. संस्थानावर नजर ठेवणाऱ्या गोऱ्या साहेबाच्या ऑफिसला आम्ही एजन्सी म्हणत असू. तिथले कागद मराठीत आणायचे, आमचे इंग्रजीत पाठवायचे, हे माझं काम. पुस्तकाचा प्रेसी क्वचित करावा लागे. प्रेसी म्हणजे सारांश. त्यात स्वतःचं मत घालायचं नाही, असा दंडक.

पुस्तक आमच्या शाळेतल्या वामनराव मास्तरांकडचं; लिहिलेलं दुसऱ्याच कुणाचं. देश गरीब का झाला, शेतसारा कुठे जातो, रेल्वे कुणासाठी बांधली, असे त्यातले विषय. शाळा सुटल्यावर मास्तर मोठ्या मुलांना ते हिंदीत समजावून सांगत. कुणीतरी कागाळी केली. एजन्सीतून विचारणा आली. पुस्तक जप्त झालं, मास्तरांना घराबाहेर पडायची मनाई झाली.

मी वाचायला घेतलं. सुरुवात रुक्ष होती. मग दुष्काळाचं प्रकरण आलं.

संवत छप्पनच्या, म्हणजे १८९९ च्या दुष्काळात मी रिलीफच्या कामावर कारकून होतो. भिल्लांची कुटुंबं डोंगरातून उतरून सडकेच्या कडेला बसत. त्यातली काही उठत नसत. त्याच सडकेवरून धान्याच्या गाड्या स्टेशनकडे जाताना मी पाहिल्या होत्या. देवाची करणी, असं आम्ही तेव्हा एकमेकांना सांगितलं. हे पुस्तक सांगत होतं की देशात धान्य होतं; ते विकत घेण्याची ऐपत लोकांत उरली नव्हती. ती कशी गेली, तेही पायरीपायरीनं मांडलं होतं.

मी मास्तरांच्या घरी गेलो. दारावरचा शिपाई ओळखीचा. “जल्दी आजो, बापू,” लवकर परत या, एवढंच माळवीत म्हणाला.

“मास्तर, माफीनामा लिहून द्या,” मी म्हणालो.

“तात्या, तुम्ही वाचलंत ना? यात खोटं काय आहे ते दाखवा. त्याची माफी मागतो.”

मला दाखवता आलं नाही. आत त्यांची बायको धाकट्याला थोपटत होती. तिनं मान वर केली नाही.

वाचवायची एकच वाट मला दिसली. प्रेसीच्या शेवटी मी लिहिलं: ‘लेखकाने दिलेले सर्व आकडे सरकारच्याच छापील रिपोर्टांतले आहेत, मी पडताळले, ते बरोबर आहेत.’ हे मत नव्हतं. दंडक मोडला नव्हता.

दिवाणसाहेबांनी ते वाक्य दोनदा वाचलं.

“म्हणजे यात खोटं काही नाही?”

“नाही, साहेब.”

“खोटं असतं तर बरं झालं असतं. माफीनामा घेतला असता, प्रकरण मिटलं असतं. खऱ्याचा माफीनामा काय घेऊ?”

“ते वाक्य काढतो.”

“एजंटसाहेबांनी तोंडी विचारलं तर काय सांगाल?”

“जे आहे ते.”

“मग राहू द्या.” त्यांनी सही केली आणि प्रेसी एजन्सीकडे रवाना केला.

ऑर्डर महिन्याभरात आली. मास्तरांना हद्दपारी. कारण असं दिलं होतं: पुस्तकातली माहिती अचूक असल्याचं दरबारच्याच ट्रान्सलेटरने कळवलं आहे, सबब ते पोरांच्या हाती जास्तच घातक.

मास्तर देवासला गेले. हद्दपार माणसाकडे पोरं शिकायला कोण पाठवणार? एक-दोन शिकवण्या मिळाल्या, त्याही सुटल्या. पुढच्या प्लेगात ते गेले. बायको मुलांना घेऊन कोकणात भावाकडे गेली. पुढे काही कळलं नाही.

माझ्या प्रेसीवर एजन्सीचा शेरा आला: काम चोख. त्यानंतर असली पुस्तकं माझ्याकडेच येऊ लागली.

नव्या ट्रान्सलेटरांना मी एवढंच सांगत आलो: सारांश अचूक करा, पण अचूकपणामुळे कुणी बचावेल, अशी आशा धरू नका.