मामा ओळ विसरला नव्हता

तुम्ही दोघांनी पाठवलेली क्लिप मी पाहिली. तिच्याखाली तुम्ही लिहिलंत, "आजी, मामा लाइन विसरला?" आणि पुढे हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे. सात. मी मोजले.

मामाला मी ते दाखवलेले नाहीत. तो पहिल्या शिफ्टला धाटावच्या कंपनीत गेला आहे, साडेतीनपर्यंत येईल. तोवर मला हे लिहून संपवायचं आहे. फोनवर सांगायला गेले तर माझा आवाज चढेल आणि तुमची आई म्हणेल, "आई, बीपी." म्हणून लिहिते, आणि क्रमाने लिहिते.

वीस वर्षांपूर्वी एका टीव्ही चॅनेलने गाणाऱ्या मुलांची स्पर्धा घेतली. त्यातून पाच जण निवडून त्यांचा बँड करायचा होता. तुमचा मामा तेव्हा एकोणीसचा, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. काळा, काटकुळा, पुढच्या दोन दातांत फट. पण आवाज असा की रोह्याच्या आमच्या आळीत तो आंघोळ करताना गायला लागला की शेजारी कुकरची शिट्टी सुद्धा दाबून धरत. तो निवडला गेला. बाकीच्या चौघांना त्याने त्याआधी कधी पाहिलंही नव्हतं. चॅनेलने पाचांना एका फ्लॅटमध्ये ठेवलं, पांढरे सूट शिवले आणि जगाला सांगितलं की हे जिवलग मित्र आहेत.

कॉन्ट्रॅक्टचे कागद घरी आले ते इंग्रजीत. घरात इंग्रजी वाचणारी मी. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, सगळा गाव मला बाई म्हणतो. मी चष्मा लावून, पेन्सिल घेऊन बसले. काय सुंदर इंग्रजी होतं ते! लांब, डौलदार वाक्यं, एकही चूक नाही. एवढं नेटकं लिहिणारी माणसं नेटकीच असणार, असं मी धरून चालले. त्यात एक कलम होतं की गायकाचा आवाज कंपनी कोणत्याही प्रकारे, कोणत्याही चित्रासोबत वापरू शकेल. मामाने विचारलं, "आई, याचा अर्थ काय गं?" मी म्हटलं, "म्हणजे तुझं गाणं रेडिओवरही लावतील, जाहिरातीतही लावतील. चांगलंच आहे की." त्याने सही केली. तुमच्या आजोबांनी विचारलं होतं, कुणा वकिलाला दाखवायचं का. मी म्हणाले, "मी वाचलंय ना?"

हे वाक्य मला अजून ऐकू येतं.

मग चॅनेलवाले म्हणाले, मुलाच्या मागे गोष्ट हवी. कचेरीतल्या कारकुनाचा आणि शिक्षिकेचा मुलगा, यात लोकांना काय रस? रायगडचा आहे ना, मग त्याला पेणच्या गरीब मूर्तिकाराचा मुलगा करू. तुमचे आजोबा कधी आवाज चढवायचे नाहीत, त्या दिवशी ओरडले, "मी जिवंत असताना माझ्या पोराचा बाप बदलतात?" पण मुलगा म्हणाला, बाबा, तेवढं चालतं टीव्हीवर. आणि आम्ही गप्प बसलो.

आपला गणपती पेणच्या ज्या कारखान्यातून येतो, तिथेच शूटिंग झालं, मीही गेले होते. तुम्ही लहान असताना तिथे गेला होता, आठवत असेल. आपण आधी आपला लाकडी पाट नेऊन देतो, त्यावर नाव घातलेलं असतं, आणि मूर्ती त्या पाटावर बसते. ती मग आपली. रंग देणारे हात बरेच असतात, पण डोळे काढणारा हात एकच. त्या कामाला आखणी म्हणतात. ती सगळ्यात शेवटी होते, आणि एकदा डोळे उघडले की पुसायचे नाहीत, ही त्या घराची रीत.

चॅनेलच्या माणसाने मामाच्या हातात ब्रश दिला आणि म्हणाला, डोळे काढ, क्लोज-अप घेतो. म्हातारे मालक "नको, नको" म्हणत होते, पण दिव्यांच्या झगमगाटात त्यांचं कोण ऐकतो. मामाने कधी ब्रश धरला नव्हता. डावा डोळा वर गेला. मूर्ती बघते आहे पण आपल्याकडे नाही, असं काहीतरी झालं. कॅमेरावाले खूश होऊन निघून गेले. मूर्ती होती नागोठण्याजवळच्या एका घराच्या पाटावर. मालक तिच्यासमोर उकिडवे बसून राहिले. मग मला म्हणाले, "बाई, ह्यो आता मी कोनाला देऊ? तुम्हीच न्या. तुमच्या पाटावरचा त्यांना देतो."

त्या वर्षी आपल्या घरी तो गणपती बसला. दर्शनाला आलेला प्रत्येक जण आधी हात जोडायचा आणि मग मान थोडी तिरकी करायचा. तुमचा मामा आरती म्हणताना पाच दिवस खाली बघून म्हणत होता.

पण खरा दणका पुढेच होता. बँडच्या गाण्यात अंतऱ्याला एक ओळ होती, अगदी वरच्या पट्टीतली. पाचांपैकी ती फक्त तुमच्या मामाला जमायची. ती त्याने स्टुडिओत गायली, आणि ज्या दिवशी गाणं टीव्हीवर लागणार होतं त्या दिवशी आपल्या हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. स्पर्धेत त्याच्यासाठी गावभर मतं गोळा करणारे समोरचे दुकानदार भाईही बायकोसकट आले होते. ओळ आली. आवाज मामाचा. आणि पडद्यावर तोंड हलत होतं दुसऱ्याच मुलाचं. सर्वांत देखण्या, सर्वांत पुढे उभ्या असलेल्या मुलाचं. मामा मागे डावीकडे, चुटक्या वाजवत.

भाईंची बायको म्हणाली, "बाई, आवाज तर तुमच्या पोराचा हाय. तोंड कोनाचं?"

कोणत्याही चित्रासोबत. तेव्हा मला त्या कलमाचा अर्थ कळला.

स्टेजच्या कार्यक्रमांतही तसंच. मागे रेकॉर्ड वाजायचं, देखणा तोंड हलवायचा. दीड वर्षात चॅनेलला दुसरा काहीतरी कार्यक्रम सापडला आणि बँड बंद झाला. पण कॉन्ट्रॅक्ट पुढेही तीन वर्षं चालू होतं. त्या काळात त्याला दुसरीकडे गायची बंदी. नवरात्रात आळीतल्या ऑर्केस्ट्रात सुद्धा नाही. तीन वर्षांनी तो मोकळा झाला तेव्हा त्याने गाणं सोडलेलं होतं. धाटावला ऑपरेटर म्हणून लागला, चांगलं काम करतो, आणि आंघोळ करताना रेडिओ लावतो.

हे सगळं मी गिळलं होतं. मग या जूनमध्ये चॅनेलचा फोन आला. वीस वर्षांनंतर पाचही जण एकत्र, मोठा कार्यक्रम. फोनवर होती तिशीतली दिग्दर्शिका. मामाने एकच विचारलं, "माझी ओळ मी गाणार?" ती म्हणाली, "ऑफ कोर्स दादा, यावेळी सगळं लाइव्ह." तो म्हणाला, आवाज उतरलाय, चार सूर खाली घ्यावं लागेल. ती म्हणाली, घेऊ.

त्या दिवसापासून मामा गायला लागला. मागच्या पडवीत, रोज शिफ्टवरून आल्यावर, दार लावून. पहिले आठ दिवस आवाज फाटायचा. मग हळूहळू ओळ बसली. ती आता एकोणीस वर्षांच्या मुलाची राहिली नव्हती. खाली आली होती, जड झाली होती, आणि शेवटच्या सुरावर तो पूर्वी उडी मारायचा तिथे आता चालत जायचा. मी दाराच्या अलीकडे शेंगा सोलत बसायचे. दोन महिने त्या ओळीला मी एवढी एकच श्रोती होते.

दिग्दर्शिका घरी आली तेव्हा मी तिला म्हटलं, लाइव्ह गाणार हे कागदावर लिहून द्या. ती गोड हसली. "आजी, आपण घरचेच ना? घरात कागद लागतात का?" मामा मला बाजूला घेऊन म्हणाला, "आई, तू आता कागदात पडू नकोस." बरोबरच बोलला. वीस वर्षांपूर्वी मी पडले होते. म्हणून मी गप्प बसले, आणि ज्या दिवशी बोलायला हवं होतं तो नेमका हाच दिवस होता.

त्यांना पुन्हा पेणचं शूटिंग हवं होतं. तोच कारखाना, तोच ब्रश, तेच डोळे. मी म्हटलं, "अरे, तू धाटावला नोकरी करतोस हे सांग ना त्यांना." तो म्हणाला, "सांगितलं. कंपनीत कॅमेरा नेता येत नाही. आई, दोन मिनिटांचं खोटं आहे. त्या बदल्यात ओळ मिळतेय."

म्हातारे मालक आता नाहीत. आखणी त्यांची सून करते. दिग्दर्शिकेने ब्रश मागितला तेव्हा तिने तो पदराखाली घेतला.

"मागल्या टायमाला मी नवी सून व्हते, काय बोलले नाय. आता आखणी माझी हाय. दुसऱ्याचा हात लागनार नाय."

"मावशी, नुसती अ‍ॅक्टिंग. ब्रश कोरडा ठेवू."

"कोरड्या ब्रशनं डोळे काढतात व्हय गो? मग जेवन पन रिकाम्या ताटात वाढ तुझ्या मानसांना."

कारागीर हसले. मीही हसले, त्या सबंध प्रकरणात तेवढी एकदाच. शेवटी तिने कोपऱ्यातली हात तुटलेली एक कच्ची मूर्ती पुढे केली आणि मामाला म्हणाली, "दादा, ह्याचं कडं रंगव. डोळ्याला जाऊ नको." त्याने मान खाली घालून एक कडं पिवळं केलं. टीव्हीवर सांगितलं, 'आजही मूर्ती रंगवून तो पोट भरतो.'

कार्यक्रमाला मला पहिल्या रांगेत बसवलं. एक मुलगी येऊन सांगून गेली, "तुमचा मुलगा गाईल तेव्हा डोळे पुसा." पाचही जण पांढऱ्या सुटांत आले, सगळ्यांची पोटं सुटलेली. देखणा अजून देखणा आहे, केस काळे केलेत. गाणं सुरू झालं आणि पहिल्याच सुराला मी ओळखलं. जुनी पट्टी. दोन महिने मी खालची पट्टी ऐकली होती, मला कुणी सांगायची गरज नव्हती. रेकॉर्ड वाजत होतं. मामाच्या हातातला माइक शोभेचा होता.

ओळ आली. एकोणीस वर्षांच्या माझ्या मुलाचा आवाज त्या सभागृहात भरला आणि देखण्याने तोंड उघडलं. दिग्दर्शिका खालून मामाला हाताने खुणा करत होती, ओठ हलवा, दोघंही हलवा. मामाने माइक खाली केला, ओठ मिटले आणि ओळ संपेपर्यंत सरळ समोर बघत उभा राहिला. तुम्ही पाहिलीत ती क्लिप ही. तिच्यावर लिहिलेलं 'इतक्या वर्षांनी शब्दच आठवेनात' हे चॅनेलने लिहिलेलं आहे.

मी डोळे पुसले नाहीत.

बाहेर आल्यावर दिग्दर्शिका म्हणाली, "आजी, रागावू नका, लाइव्हमध्ये रिस्क असते. आणि आवाज तर त्यांचाच वाजला ना!" मी तिला काय म्हणाले ते लिहीत नाही. तसं मी शाळेत तीस वर्षांत कुणाला म्हणाले नव्हते. देखणा आला, माझ्या पाया पडला. "आई, मी फक्त सांगितलं तसं केलं." मी विचारलं, "वीस वर्षं?" आणि उत्तराची वाट न बघता गाडीकडे निघाले.

परतताना वडखळला मामाने गाडीची काच वर केली. मग म्हणाला, "आई, दुसऱ्याने माझ्या आवाजावर तोंड हलवलं ते मी सोसलं. मीच माझ्या आवाजावर तोंड हलवायचं, हे नाही जमलं." नागोठणं येईपर्यंत मी त्याचा हात धरून बसले. तो काढून घेईल असं वाटलं होतं, पण नाही घेतला.

तेव्हापासून पडवीचं दार उघडंच असतं. आत कुणी गात नाही. गणपतीत आळीतला एक जण म्हणालाच, "काय रे, ओळ आठवली का?" हातातलं आरतीचं ताट मी खाली ठेवलं आणि त्याला सगळ्यांसमोर झापलं. मामा म्हणाला, "आई, असू दे." का असू दे? मी असू देणार नाही. तुमच्या बाबतीतही नाही.

आता तुम्ही काय करायचं ते ऐका. ती क्लिप तुम्ही तिकडे ज्या ज्या मित्रांना पाठवलीत, त्या सगळ्यांची नावं आधी लिहून काढा. मग एकेकाला हे सगळं सांगा. त्यांना मराठी येत नाही, म्हणून इंग्रजीत सांगावं लागेल. आधी बसून प्रत्येक वाक्याचा अर्थ नीट लावा. अडलं तर मला विचारा, समजलंय असं धरून चालू नका. या घरात एकदा एकीने तसं केलं होतं.

आणि रविवारी मामाला फोन करा. त्या ओळीचं नाव काढू नका. साडेतीन वाजत आले, फाटकाशी त्याच्या स्कूटरचा आवाज येतो आहे. मी कागद आवरते.