एकट्याने पळवलेली बोट

यमुनेवरच्या बोटीची ती केस निवृत्तीनंतरही माझ्या डोक्यातून गेलेली नाही. मी मूळचा नागपूरकडचा, पण सगळी नोकरी दिल्लीत झाली. चोऱ्या, मारामाऱ्या, फसवणूक यांची सवय होती. प्रोपेलर हा शब्द मात्र तोपर्यंत एकाही पंचनाम्यात लिहिला नव्हता.

शहराच्या उत्तरेला, नदी खोल आहे तिथे, एक खासगी जलक्रीडा केंद्र होते. एका सकाळी तिथला एक प्रशिक्षणार्थी पाण्यात पडला, त्याच्या जॅकेटचा पट्टा सुटला आणि तो बुडाला. बचावाची मोटरबोट फार लांब नव्हती, तरी वेळेवर पोचली नाही. काठावरच्या साक्षीदारांनी सांगितले, बोट रेंगाळत होती. मालकाचा जबाब तर अगदी सरळ होता. "ड्रायव्हर घबरा गया, सर. रेस दी ही नहीं उसने."

चालक पंचविशीतला, घर भंडाऱ्याकडचे, वडील एका मंत्रालयातून निवृत्त झालेले. केंद्र सरकारच्या नोकरीसाठी त्याची निवड झाली होती, फक्त पोलीस व्हेरिफिकेशन बाकी होते. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा ठपका बसला असता तर नोकरी गेलीच होती, वर तुरुंग. त्याचे वडील ठाण्यात येऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"साहेब, तुम्ही आपल्याकडचे, म्हणून बोलतो. पोरगा खोटं बोलत नाही."

"काका, आपल्याकडचा म्हणून मी त्याला सोडणार नाही, आणि अडकवणारही नाही," मी म्हणालो. "बसा. चहा घ्या."

पोराचे म्हणणे एकच होते. "सर, मी रेस फुल दिली होती. बिल्कुल फुल. बोटीने नाक वर केलं आणि तशीच राहिली, पळालीच नाही."

मालकाने आम्हाला प्रात्यक्षिक दाखवले. तो बोटीत बसला आणि बघता बघता बोट पलीकडच्या काठाला लागली. माझ्या हाताखालच्या सब-इन्स्पेक्टरने तिथेच पोराला खोटारडा ठरवून टाकले. त्याला घाई फार.

त्यानंतर ठाण्यात निनावी फोन आला. "बोट की मशीन करोल बाग में खुली थी. पूछो क्यों." एवढेच बोलून फोन ठेवला. असे फोन बहुतेक जुनी खुन्नस काढायला येतात, पण करोल बागेत मोटारींची कामे होतात. बोटीचे काय काम, हे मला खटकले. शोध घेतला. एका गॅरेजवाल्याने कबूल केले की अपघाताच्या आदल्याच दिवशी मालकानेच इंजिनाचा गिअरचा भाग आणून बदलून घेतला होता.

मालकाला चौकशीला बोलावले. तो जुना रेसर. अशा माणसावर आवाज चढवला की तो वकिलाला फोन लावतो. त्याचा अभिमान दुखावला की मात्र आपणहून बोलतो. मी सहज म्हणालो, "लोग कह रहे हैं, आपकी बोट ही सुस्त है."

तो उसळला. "सुस्त? सर, पूरे एनसीआर में इससे तेज़ बोट दिखा दो!" आणि अर्धा तास त्याने मला शिकवणीच दिली. इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत प्रोपेलर, म्हणजे पाण्याखालचा पंखा, जास्त वेळा फिरावा म्हणून त्याने गिअर बदलले होते. प्रोपेलरही नवा, जास्त पिचचा लावला होता. लाकडात स्क्रू फिरवला की तो पुढे सरकतो, तसा प्रोपेलर पाण्यात सरकतो. एका फेरीत जितका पुढे जाईल तो त्याचा पिच. गिऱ्हाइकांना दाखवायच्या व्हिडिओसाठी त्याला वेग हवा होता.

"ट्रायल में बोट में कितने लोग थे?" मी विचारले.

"मैं अकेला. रेसर अकेला ही चलाता है, सर."

अपघाताच्या दिवशी बोटीत चालक धरून सहा जण होते. आपली पाळी येईपर्यंत प्रशिक्षणार्थी बचावाच्या बोटीतच बसत, ही तिथली रोजची पद्धत. भरलेली जीप तिसऱ्या गिअरमध्ये उचलायला जावे तशी ही गत होती.

पंचांसमोर पुन्हा चाचणी घेतली. चालकामागे पाच माणसांच्या वजनाइतकी वाळूची पोती भरली आणि पूर्ण रेस दिली. इंजिन घुसमटले, बोटीने नाक वर केले आणि पाणी ढकलत ती रेंगाळू लागली. पोती उतरवल्यावर भन्नाट पळाली. जुने गिअर आणि जुना प्रोपेलर बसवून पोती पुन्हा भरली, तर ओझ्यासकट पाण्यावर उठून धावली. मालक काठावर उभा राहून बघत होता. "मैंने तो बोट तेज़ की थी," असे पुटपुटत राहिला. तो खोटे बोलत नव्हता. मला त्याचा राग आला तो याचाच की त्याला कधी शंकाही आली नाही.

मालकावर आरोपपत्र गेले. चालक साक्षीदार झाला आणि त्याचे अडलेले व्हेरिफिकेशन मार्गी लागले. पुढे मी कोणतीही चाचणी घटनेच्या दिवशी असलेल्या ओझ्यासकट घेतल्याशिवाय मानली नाही, माणसाचीही नाही.

नोकरीवर रुजू होण्याआधी तो पोरगा पेढे घेऊन भेटायला आला. वडील बाहेर कोणाशी तरी हसत बोलत होते. हा खुर्चीत बसला, पेढ्यांचा डबा काही उघडेना.

"सर, पोती उतरवल्यावर बोट पळाली ना?"

"पळाली."

"मागच्या पाचही जणांनी जॅकेट घातलं होतं. त्यांना नुसतं उड्या मारा म्हटलं असतं, तर मी पोचलो असतो."

"तुला तेव्हा हे ठाऊक नव्हतं," मी म्हणालो.

"आता ठाऊक आहे ना, सर," तो म्हणाला.