न बिघडणारा प्रोग्राम

लातुरात तेव्हा कोचिंगची अशी लाट होती, की ज्यानं घरावर मजला चढवला, त्याच्या मजल्यावर क्लास निघाला म्हणून समजा. तसल्याच एका क्लासात संगमेश कॉम्प्युटर सांभाळायचा. निलंग्याकडचा पोरगा, भूकंपात घरचं कुणी उरलं नव्हतं. जिवाभावाचा माणूस एकच, जुना खोलीसोबती आलोक. तोही नांदेडला विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकवायला निघून गेला.

जाताना आलोकनं आपला प्रोग्राम मागं ठेवला, पालकांना मराठीत गुणपत्रक छापून देणारा. तो जुन्या लायब्ररीवर चाले. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची न्हवं बरं, प्रोग्रामांना लागणारं तयार सामान. पेपर तपासणाऱ्या प्रोग्रामला मात्र तीच लायब्ररी नवी लागे. दोन्ही प्रोग्रामांचा हात एकाच फळीवर, आणि फळीवर एका वेळी एकच लायब्ररी मावे. नवी ठेवली की गुणपत्रक मुकं, जुनी ठेवली की तपासणी ठप्प. मग संगमेश आलोकला विचारायला एसटीडी बूथ गाठी. आलोक वैतागून म्हणे, "तुमच्या लिंगायतांत इष्टलिंग ज्याच्या त्याच्या गळ्यात असतं ना? तशी दे की प्रत्येक प्रोग्रामला त्याच्या फोल्डरात त्याची लायब्ररी."

संगमेश हो म्हणे, आणि करीत नसे. काम तासाभराचं होतं. पण काही बिघडलंच नाही, तर आलोकला फोन कोणत्या निमित्तानं करायचा?

निकालाच्या दिवशी लोह्याहून चांगुणाबाई लेकीचं गुणपत्रक न्यायला आल्या आणि नेमका प्रोग्राम अडला. बूथवरून फोन लावला, तर आलोक तासावर. बाई पायरीवर बसून राहिल्या. उन्हं कलल्यावर हळूच म्हणाल्या, "लेकरा, माझी गाडी जाईल की रं. पोरगी तरली का, तेवढं तरी सांग."

संगमेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं जुनी लायब्ररी आलोकच्या प्रोग्रामशेजारी ठेवली, नवी तपासणीच्या शेजारी. दोन्ही सुरू झाले. पोरगी चांगली पास होती. कागद पदराखाली धरून बाई स्टँडकडं पळाल्या.

दिवेलागणीला त्यानं फोन केला.

"आज काय बिघडलं?" आलोकनं विचारलं.

"काही न्हाई. आता बिघडणार बी न्हाई. तू म्हणत व्हतास तसं केलं."

"सुटलास बाबा. मग फोन कशाला केलास?"

"असाच," संगमेश म्हणाला. आलोक हसला. पोरं शंका घेऊन थांबलीत म्हणाला, आणि फोन ठेवला.

आठवडाभर संगमेश बूथसमोरून मान खाली घालून गेला. पुढल्या रविवारी आत शिरला. सांगायला काहीच बिघाड नव्हता. तरी त्यानं नंबर फिरवला, आणि पलीकडं वाजणारी घंटा ऐकत उभा राहिला.